घरातली जीवसृष्टी – लेखांक ७ : कीड दाण्याच्या आत असते

आर्द्रा लागल्या, पावसाने जम बसवला की घराघरांतून एकच तक्रार ऐकू येते. मे महिन्यात निवडून, ऊन दाखवून भरून ठेवलेल्या तांदळात सोंडे फिरताना दिसतात. मुगाच्या डब्याच्या तळाशी पिठूळ भुकटी साठलेली असते. रव्याला जाळी धरते. कोणी या किड्यांना टोके म्हणतं, कोणी पोरकिडे, पण पहिला राग सगळीकडे वाण्यावरच निघतो. वाणी म्हणतो, ‘‘ताई, माल स्वच्छ होता, तुमच्यासमोरच मोजला.’’ बहुतेक वेळा तो खरंच बोलत असतो. तांदूळ घरी आला तेव्हा त्यात एकही किडा दिसत नव्हता, तरीही कीड त्यातच होती.

गेल्या आठवड्यात आपण झुरळांविषयी बोललो. झुरळ मोरीतून, फटीतून वाट काढत घरात शिरतं. धान्यातले किडे मात्र पुष्कळदा आपणच पिशवीतून घरात आणतो आणि स्वतःच्या हाताने डब्यात भरून झाकण लावतो. त्यांचं आयुष्य कसं चालतं हे एकदा कळलं, तर विषाशिवायही त्यांचा बंदोबस्त करता येतो. आजचा लेखांक त्यासाठीच आहे.

सुरुवात सोंड्यापासून करू. जेमतेम दोन-तीन मिलिमीटर लांबीचा, काळपट तपकिरी किडा. डोक्यापुढे बारीक सोंड आणि पाठीवर चार फिकट तांबूस ठिपके. मादी या सोंडेच्या टोकाने दाण्याला बारीक भोक पाडते, त्यात एकच अंडं घालते आणि चिकट स्रावाने ते भोक लिंपून टाकते. लिंपण वाळलं की दाणा बाहेरून धडधाकट दिसतो. असं करत एक मादी आपल्या आयुष्यात काही शे दाण्यांत अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी पांढरी, बिनपायांची, वळून बसलेली असते. तिला पायांची गरजच नसते, कारण तिला कुठे जायचंच नसतं. ती दाणा आतून खाते, तिथेच तिचा कोष होतो आणि पावसाळी उबेत साधारण महिनाभराने पूर्ण वाढलेला सोंडा दाण्याला वेडंवाकडं भोक पाडून बाहेर पडतो.

म्हणूनच परातीत तांदूळ पसरून, एकूण एक किडा वेचून, पाखडून, चाळून डबा भरला तरी पंधरा दिवसांनी तो पुन्हा किड्यांनी भरलेला दिसतो. आपण वेचले ते फक्त जन्मलेले किडे. पुढची पिढी दाण्यांच्या आत शाबूत होती आणि तिला सूप किंवा चाळणी लागत नाही. शंका असेल तर मूठभर गहू पाण्यात टाकून पाहा. पोखरलेले दाणे हलके झालेले असल्यामुळे वर तरंगतात. त्यातला एखादा नखाने फोडला तर आत पांढरी अळी किंवा कोष सापडेल.

कडधान्यातल्या भुंग्याची रीत वेगळी. तो अंडं दाण्यात घालत नाही, दाण्यावर चिकटवतो. पुढच्या वेळी मूग किंवा चवळी निवडताना ताट उजेडाला धरा. हिरव्या सालीवर टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसला, तर ते भुंग्याचं अंडं. ते दुधासारखं पांढरं झालेलं असेल, तर अळी केव्हाच खालून साल पोखरून दाण्यात शिरलेली असते. मागे राहिलेल्या टरफलात तिचा भुसा भरतो, म्हणून ते पांढरं दिसतं. काही दिवसांनी त्याच दाण्यावर गोल, किंचित काळसर चकती उमटते. अळीने आतून दाणा कोरत आणून सालीचा पातळ पापुद्रा तेवढा शिल्लक ठेवलेला असतो, ती ही चकती. भुंगा बाहेर पडताना झाकण उघडावं तशी ती कापून ढकलतो. बाहेर आलेल्या भुंग्याला खायला काही लागत नाही. आठ-पंधरा दिवसांच्या आयुष्यात त्याला एवढंच काम असतं, जोडीदार शोधायचा आणि अंडी घालायची. ही कीड पुष्कळदा शेतातच, वाळत आलेल्या शेंगांवर लागते आणि तिथून पोत्यातून दुकानात, दुकानातून घरात येते. मूग, चवळी भरडून डाळ करून ठेवली की या भुंग्याचा उपद्रव पुष्कळ कमी होतो, कारण त्याला अख्खा, गुळगुळीत, गोलसर दाणा हवा असतो.

रव्या-पिठातला तांबडा भुंगेरा अख्खा दाणा फोडू शकत नाही. तो चुरा आणि पिठावर जगतो. त्याच्या अंगातून झोंबऱ्या वासाची रसायनं पाझरतात. फार किडलेल्या पिठाला जो उग्र वास आणि गुलाबीसर छटा येते ती यांचीच. असं पीठ चाळून वापरू नये, टाकून द्यावं. जाळी करणारी अळी असते ती पतंगाची. तांदूळ, रवा, शेंगदाणे यांच्या गुठळ्या ती धाग्यांनी बांधते. घरात नकोसा असलेला हा पतंग कृषी प्रयोगशाळांत मात्र मुद्दाम पोसला जातो. भरडलेल्या ज्वारी-बाजरीवर त्याची पैदास करून, त्याची अंडी कागदावर चिकटवून, त्या अंड्यांत ट्रायकोग्रामा नावाच्या सूक्ष्म गांधीलमाशीची वाढ करतात. अशा एका ट्रायकोकार्डवर साधारण २० हजार अंडी असतात. उसाच्या फडात ती लावली की बाहेर पडलेल्या गांधीलमाश्या खोडकिडीची अंडी शोधून त्यांत आपली अंडी घालतात. आपला रवा नासवणारा जीव असा उसाच्या राखणीला उपयोगी पडतो.

या सगळ्या किड्यांना वाढायला अन्नाखेरीज तीन गोष्टी लागतात : ओल, ऊब आणि हवा. यांतली एक जरी नीट तोडली तरी त्यांची वाढ खुंटते. धान्य हवेतली ओल शोषतं. उन्हात कडक वाळलेल्या गव्हात दहा टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. तोच गहू ८० टक्के आर्द्रतेच्या पावसाळी हवेत उघडा राहिला की पाण्याचं प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आसपास जातं आणि दाणा सोंड्याला पोखरण्याजोगा मऊ होतो. पावसाळ्यातच किडे का होतात, याचं उत्तर हे आहे.

आपल्या आज्या-पणज्यांच्या रीती याच तीन गोष्टींवर उभ्या आहेत. दाताखाली दाणा ‘कट्ट’ वाजला तरच धान्य भरायचं, ही ओल मोजायची पद्धत. ऊन दाखवणं म्हणजे ओल आणि किडे दोन्ही घालवणं. काळ्या प्लॅस्टिकवर धान्याचा पातळ थर पसरून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक झाकलं, तर कडक उन्हात आतलं तापमान ६० अंशांच्या आसपास जातं आणि दाण्याच्या आतल्या अळ्याही मरतात. फक्त पेरणीचं बियाणं असं तापवू नये. उन्हातून आणलेलं धान्य गरम असताना डब्यात भरलं तर झाकणाला आतून पाणी सुटतं, म्हणून ते सावलीत पूर्ण निववून मगच भरावं.

कडधान्याला एरंडेलाचा किंवा खाण्याच्या तेलाचा हात लावण्यामागेही पक्कं कारण आहे. तेलाच्या पातळ थरामुळे भुंग्याचं अंडं नीट चिकटत नाही आणि चिकटलंच तर त्याचा श्वास कोंडतो. किलोला चहाचा चमचाभर तेल पुरतं, पण ते प्रत्येक दाण्याला लागलं पाहिजे. चवळी, हुलगे राखेत ठेवतात तेव्हा राख दाण्यांमधल्या फटी बुजवते आणि किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडते. तो थर गेला की किड्याच्या अंगातलं पाणी उडून जातं. कडुनिंबाचा पालाही कामाचा, पण सावलीत पूर्ण वाळवलेला. हिरवा पाला डब्यात घातला तर आपणच ओल घातल्यासारखं होतं.

हवा तोडण्याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे पेव. सोलापूरकडे, मराठवाड्यात ज्वारी जमिनीतल्या पेवांत वर्षानुवर्षं ठेवत. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं तर नावाजलेली. २००५च्या महापुरात त्यांतल्या पुष्कळ पेवांत पाणी शिरून मोठं नुकसान झालं. पेव भरून तोंड मातीने लिंपून टाकलं की आतलं धान्य आणि त्यातले किडे मिळून तिथला प्राणवायू संपवतात, कर्बवायू साठतो आणि कीड मरते. माणसालाही तीच हवा मारते. म्हणून पेव उघडल्यावर बराच वेळ तसंच ठेवत आणि आधी दिवा खाली सोडून पाहत. दिवा विझला तर कोणी आत उतरत नसे.

हेच तत्त्व १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी आफ्रिकेत, कॅमेरूनमध्ये चवळी साठवण्यासाठी वापरलं. प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या एकात एक, त्यांवर विणलेलं पोतं आणि तोंड घट्ट बांधलेलं. पुढे या संशोधकांना आणखी एक गोष्ट उमगली. कोरड्या दाण्यात राहणारी अळी पाणी पीत नाही. खाल्लेल्या अन्नाचा प्राणवायूशी संयोग होऊन तिच्या शरीरातच पाणी तयार होतं. प्राणवायू संपला की हे पाणी बंद होतं. हवाबंद पिशवीतली अळी नुसती गुदमरत नाही, ती तहानेने सुकून मरते. घरात आपण काय करायचं तेही यातून कळतं. घट्ट झाकणाचा डबा काठोकाठ भरा. अर्धा रिकामा डबा म्हणजे किड्यांना महिनोन्महिने पुरेल एवढी हवा. वर्षाचा साठा एका मोठ्या कोठीत ठेवण्यापेक्षा पाच-पाच किलोंच्या डब्यांत ठेवावा आणि एका वेळी एकच डबा उघडावा.

या नियमांना एक अपवाद आहे, खापरा. तापलेल्या, कोरड्या प्रदेशातली ही कीड अगदी वाळलेल्या गव्हातही जगते. तिची केसाळ अळी कोठीच्या सांध्यांत, पोत्याच्या शिवणीत, भिंतीच्या भेगेत अन्नावाचून वर्षानुवर्षं सुप्तावस्थेत पडून राहू शकते. १९५३ साली ती कॅलिफोर्नियाच्या गोदामांत आढळली आणि तिचं उच्चाटन व्हायला १९६६ साल उजाडलं. मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांच्या सामानातला तांदूळ विमानतळावर काढून घेतात, त्यामागे या किड्याची धास्ती आहे. खापऱ्यावर उपाय एकच : नवं धान्य भरण्याआधी कोठी पूर्ण रिकामी करून, सांधे कोरून, कडक उन्हात तापवायची. जुन्या धान्याच्या तळावर नवं धान्य कधीही ओतायचं नाही.

आता ज्यासाठी हा लेखांक मुख्यतः लिहिला त्या विषयाकडे येतो. धान्यात ठेवायच्या गोळ्या म्हणून अनेक घरांत ज्या वापरल्या जातात, त्यांत अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड असतं. हवेतल्या ओलीशी संबंध आला की त्यातून फॉस्फिन वायू निघतो. गोदामांत प्रशिक्षित माणसांनी, सगळं सीलबंद करून वापरायचं हे विष आहे. घरगुती वापराला त्याची परवानगी नाही. फॉस्फिन दाराखालून, फटीतून शेजारच्या खोलीत जातो. धान्याच्या पोत्यांजवळ झोपलेली माणसं, विशेषतः लहान मुलं, यात दगावल्याच्या घटना आपल्या देशात पुन्हा पुन्हा घडल्या आहेत. मळमळ, उलट्या, धाप, छातीत दडपण ही लक्षणं अन्नातून विषबाधा झाल्यासारखी वाटतात आणि मोलाचा वेळ जातो. या विषावर उतारा नाही. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास आला तर सगळ्यांना घेऊन ताबडतोब मोकळ्या हवेत या, इस्पितळात जा आणि डॉक्टरांना आधी गोळ्यांचं सांगा. पाऱ्याच्या गोळ्याही डब्यात नकोत, त्यांतून सुटणारी पाऱ्याची वाफ माणसालाही घातक असते. तांदळाला बोरिक पावडर लावायची सवय जुनी असली तरी सोडून द्यावी, तो पदार्थ पोटात जाण्यासाठी नाही.

आणि सध्या घरात किडलेला डबा असेल तर? घाबरू नका. सोंडे चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत. तो डबा बाकीच्या डब्यांपासून लगेच दूर करा, कारण सोंडे उडतात. थोडी कीड असेल तर धान्य निवडून घट्ट पिशवीत बांधा आणि आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा. उणे १८ अंशांत अंडी, अळ्या सगळ्या मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी घरच्या हवेइतकी कोमट होईपर्यंत उघडू नका, नाहीतर दाण्यांना पाणी सुटेल. फार पोखरलेलं धान्य टाकून द्या. रिकामा डबा घासून पुसा, पूर्ण वाळवा आणि पाऊस उघडला की उन्हात ठेवा. पावसाळ्यात रवा, पीठ, कडधान्य आठ-पंधरा दिवसांपुरतंच आणा.

ओल, ऊब, हवा यांतलं एक तोडायला थोडे कष्ट पडतात, आठवण ठेवावी लागते. त्या कष्टांऐवजी विषाची गोळी सोपी वाटते, पण घरातल्या मुलाबाळांच्या श्वासापेक्षा दहा किलो गहू मोठा नाही. ज्यांच्या घरी अशा गोळ्या आहेत त्यांनी नवं धान्य भरताना त्या वापरू नयेत, आणि शेजारीपाजारी कोणी वापरत असेल तर त्यांनाही हे सांगावं.

पुढच्या आठवड्यात : चौकटीतून, कपाटामागून चालणारी वाळवी.