खळ, रंग आणि ऊन

डिंक म्हटला की आपल्या घरांत थंडीतले लाडू आठवतात. त्याच डिंकात रंग आणि पोटॅशियम डायक्रोमेट कालवून छायाचित्र छापता येते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. डायक्रोमेट मिसळलेला डिंक उन्हाने कडक होतो व पाण्यात विरघळेनासा होतो. जेथे ऊन पोहोचले नाही तेथील डिंक रंगासह धुऊन जातो. मुंगो पाँटन याने १८३९ मध्ये डायक्रोमेटवर प्रकाशाचा परिणाम होतो हे दाखविले. त्यातूनच पुढे ही छपाई निघाली. सुरतेला हे रसायन परके नाही. साड्या छापण्याच्या स्क्रीनवरील नक्षी वर्षानुवर्षे अशाच लेपाने उठविली गेली.

२००६ च्या ऑगस्टमध्ये तापीच्या पुराने शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला, तेव्हा घरोघरीचे अल्बमही भिजले. छायाचित्रावरील जिलेटिनचा थर ओला होऊन वाळला की चित्रे एकमेकांना चिकटतात. जे वाचले त्याची स्कॅनरवर प्रत घेऊन, पारदर्शक फिल्मवर चित्राएवढीच निगेटिव्ह काढून, आजीचे एखादे चित्र डिंकात छापावे. गेरू आणि काजळी यांचा रंग पिढ्यान्‌पिढ्या विटत नाही.

परंतु सारे यश कागदाच्या खळीवर आहे. सुरतेत ताण्याला खळ देतात ती सूत तुटू नये म्हणून; पतंगाच्या मांजालाही लेप चढवितात. कागदाला खळ द्यायची ती रंग तंतूंत शिरू नये म्हणून. प्रथम जाड, सुती लगद्याचा कागद गरम पाण्यात भिजवून वाळवावा, म्हणजे तो एकदाच काय तो आकसून घेईल. हे टाळले तर दुसरा थर पहिल्यावर नेमका बसत नाही. मग लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम जिलेटिन आधी थंड भिजवून, नंतर कोमट करून विरघळवावे. कागद त्यातून काढून टांगावा. वाळल्यावर क्रोम तुरटीच्या पाण्याने ती खळ पक्की करावी. फॉर्मॅलिनही चालते, पण त्याची वाफ वाईट. ते काम घरात करूच नये.

रंगाच्या बाबतीत सुरतकरांची एक फसगत संभवते. येथे कापडाचे रंग मुबलक मिळतात. परंतु त्यांचा धर्मच मुळी तंतूला धरून बसण्याचा! आपल्याला पाण्यात न विरघळणारी, डिंकात नुसती तरंगणारी रंगद्रव्ये हवीत. गेरू, काजळी, अल्ट्रामरीन निळा हे भरवशाचे. चित्रकाराचे नळीतील जलरंग सोयीचे. हळद-कुंकवाचा मोह नको. उन्हात ते टिकत नाहीत. रंग जास्त झाला तर डिंकाला तो पेलत नाही आणि पांढऱ्या जागी डाग राहतो.

लाडवांचा धावड्याचा डिंक पाण्यात पुरता विरघळत नाही. बाभळीच्या जातीचा स्वच्छ डिंक दुप्पट पाण्यात भिजवून कापडाने गाळावा. त्यात रंग घोटून, डायक्रोमेटचे संपृक्त द्रावण समभाग घालून, मंद दिव्यात लेप द्यावा. पहिल्या कागदाची अर्धी पट्टी झाकून उन्हात धरावी व साध्या पाण्यात पालथी तरंगत ठेवावी. अर्ध्या तासाने झाकलेला भाग पांढरा निघाला, तर खळ व रंग दोन्ही जमले. तेथे डाग राहिला तर आधी रंग कमी करून पाहावा, मग खळीचा दुसरा हात द्यावा. पावसाळ्यात दमट हवेने लेप अंधारातही कडक होऊ लागतो. वाळताच छापावा, साठवू नये.

डायक्रोमेट विषारी आहे, कर्करोगकारकही. त्वचेला लागल्यास फोड येतात, पूड श्वासात गेली तर त्याहून वाईट. हातमोजे हवेतच, स्वयंपाकाचे एकही भांडे त्याला लावू नये, मुले आसपास नसावीत. धुतलेले पाणी मोरीत ओतू नये; ते निराळ्या डब्यात साठवून, त्याची विल्हेवाट रसायनांच्या जाणकाराला विचारून लावावी.