खेळांतील गणती आणि गोष्ट

चारपांच वर्षांचें मूल पाहुण्यांपुढें उभें राहून एकापासून पन्नासापर्यंतचे आकडे न अडखळतां म्हणून दाखवितें आणि घरांतील मंडळींस धन्यता वाटते. त्याच मुलापुढें ताटलींत आठ चिंचोके ठेवून ‘हे किती?’ असें विचारलें, तर पुष्कळदां निराळाच प्रकार दिसतो. बोट एका चिंचोक्यावरून दुसऱ्यावर सरकतें, पण तोंडांतील आकडे त्याच्या पुढें धांवतात. एखादा चिंचोका दोनदां मोजला जातो, एखादा मुळींच नाहीं. मोजून झाल्यावर ‘मग एकंदर किती?’ असें विचारलें, कीं मूल उत्तर देण्याऐवजीं पुन्हा एकापासून मोजावयास लागतें. त्याची बुद्धि मंद आहे असा याचा अर्थ नव्हे. आकडे म्हणणें निराळें आणि मोजणें निराळें, एवढाच त्याचा अर्थ. गोष्टीचेंहि तसेंच. ऐकलेली गोष्ट पाठ म्हणणें वेगळें आणि घडलेली हकीकत दुसऱ्यास समजेल अशी सांगणें वेगळें. मोजण्याची आणि सांगण्याची या दोन्ही शक्ति एकाच मुळापासून फुटतात, आणि त्या मुळास पाणी मिळतें तें बाळपणींच्या खेळांतून.

प्रथम मोजण्याचा विचार करूं जातां, जी क्रिया मोठ्या माणसांस अगदीं साधी वाटते तींत किती बारकावे आहेत हें ध्यानांत येतें. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ रॉशेल गेलमन व सी. आर. गॅलिस्टेल यांनीं १९७८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या क्रियेचीं पांच तत्त्वें सांगितलीं आहेत. प्रत्येक वस्तूच्या वांट्यास एकच आकडा यावयाचा. आकड्यांचा क्रम बदलावयाचा नाहीं. शेवटीं उच्चारलेला आकडा हीच सर्वांची संख्या. मोजावयाच्या वस्तु कोणत्याहि असोत, रीत तीच. आणि सुरुवात कोणत्याहि टोंकाकडून केली तरी संख्या तीच. यांपैकीं केवळ दुसरें तत्त्व पाठांतरानें हातीं लागतें. बाकीच्यांस प्रत्यक्ष वस्तु हव्यात आणि त्या हाताळण्यास कांहीं तरी कारण हवें.

भातुकलींत तें कारण आपोआप मिळतें. चार बाहुल्या जेवावयास बसल्या म्हणजे चार पानें मांडावीं लागतात आणि प्रत्येक पानाशीं एकेक वाटी ठेवावी लागते. एखादी बाहुली वाटीवांचून राहिली तर चूक कोणीं दाखवून द्यावी लागत नाहीं. ती बाहुलीच दाखविते. ‘एकास एक’ हें गणिताचें पहिलें तत्त्व मुलाच्या हातास असें कळतें, आणि तें शब्दांत सांगण्याची वेळ पुढें कित्येक वर्षांनीं येते.

खेळांतील या ‘कारणा’चें महत्त्व किती, हें दोन प्रयोगांवरून स्पष्ट होतें. जिनीव्हा येथील जाँ पियाजे यांनीं अलिना शेमिन्स्का यांच्या सहकार्यानें १९४१ सालीं मुलांच्या संख्याज्ञानावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील प्रयोग असा. मुलापुढें सोंगट्यांच्या दोन सारख्या रांगा मांडावयाच्या. दोन्हींत सोंगट्या सारख्याच आहेत हें मूल कबूल करतें. मग त्याच्या देखत एका रांगेंतील सोंगट्या अंतराअंतरानें पसरावयाच्या आणि तोच प्रश्न पुन्हा विचारावयाचा. चारपांच वर्षांचीं पुष्कळशीं मुलें या वेळीं सांगतात कीं लांब रांगेंत सोंगट्या अधिक आहेत. या वयांत संख्येची कल्पनाच पक्की झालेली नसते, असा निष्कर्ष पियाजे यांनीं काढला.

पुढें १९७४ च्या सुमारास स्कॉटलंडमध्यें जेम्स मॅकगॅरिगल व मार्गारेट डोनाल्डसन यांनीं याच प्रयोगांत एक लहानसा फरक केला. रांग विस्कटण्याचें काम त्यांनीं एका खट्याळ कापडी अस्वलाकडे दिलें. अस्वल पेटींतून बाहेर येतें, धुडगूस घालतें, रांग मोडतें आणि पकडलें जातें. त्यानंतर तोच प्रश्न विचारतांच, ‘दोन्हींकडे सारख्याच’ असें बरोबर उत्तर देणाऱ्या मुलांचें प्रमाण पुष्कळच वाढलें. या प्रयोगावर विद्वानांत पुढें वाद झाले. परंतु डोनाल्डसन यांनीं १९७८ सालच्या आपल्या पुस्तकांत केलेला खुलासा विचार करण्यासारखा आहे. मोठें माणूस मुद्दाम रांग हलवितें आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतें, तेव्हां मुलास वाटतें कीं ज्या अर्थीं पुन्हा विचारलें त्या अर्थीं कांहीं तरी बदललें असावें. अस्वलानें खोडी केली म्हणजे मात्र प्रश्नास अर्थ येतो: सोंगट्या हरवल्या तर नाहींत ना? मुलाचें गणित तेंच होतें. त्याच्या भोंवतीं एक गोष्ट उभी राहिली, एवढाच फरक.

आतां गोष्टीकडे पाहूं जातां तींतहि गणिताचीच शिस्त आढळते. चिऊकाऊची गोष्ट सांगावयाची तर आधीं दोघांचीं घरें, मग पाऊस, मग काऊचें घर वाहून जाणें आणि त्यानंतर चिऊच्या दाराशीं येणें, हा क्रम सोडतां येत नाहीं. पावसाआधीं घर वाहून गेलें तर गोष्ट कोसळते. ‘म्हणून’ आणि ‘कारण’ हे दोन शब्द योग्य जागीं यावे लागतात. शिवाय दाराबाहेरच्या काऊला काय वाटतें आणि दाराआडच्या चिऊच्या मनांत काय आहे, हें दोन्ही एकाच वेळीं ध्यानांत ठेवावें लागतें. क्रम राखणें, कार्यकारण जोडणें आणि एकाच प्रसंगाकडे दोन बाजूंनीं पाहणें, हीच पुढें गणितास लागणारी सामुग्री होय.

कानडांतील डॅनिएला ओ’नील व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत तीनचार वर्षांच्या मुलांकडून शब्द नसलेल्या चित्रपुस्तकावरून गोष्ट सांगवून घेतली होती. दोन वर्षांनीं त्याच मुलांची परीक्षा घेतली, तेव्हां ज्यांच्या गोष्टींत घटना अधिक होत्या, वाक्यें जोडलेलीं होतीं आणि एका पात्राकडून दुसऱ्या पात्राकडे दृष्टि फिरत होती, तीं मुलें गणितांत सरस ठरल्याचें दिसून आलें. मुलांची संख्या मोठी नव्हती, आणि एकामुळेंच दुसरें होतें असें एवढ्यावरून सिद्ध होत नाहीं. तरी दोहोंचें नातें त्यांत दिसतें.

खेळांतून शिक्षण ही दृष्टि आजकालची नव्हे. जर्मनींत फ्रीडरिक फ्रोबेल यांनीं १८३७ सालीं ब्लांकेनबुर्ग येथें लहान मुलांसाठीं संस्था काढली आणि १८४० सालीं तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे बालोद्यान, हें नांव दिलें. त्यांच्या साधनांत आठ लहान तुकड्यांचा बनलेला एक लांकडी घन होता. मूल तो मोडतें, त्याचें घर करतें, खुर्ची करतें, आणि शेवटीं आठांचा पुन्हा एक घन जुळवितें. रोममधील सान लोरेंझो वस्तींत ६ जानेवारी १९०७ रोजीं मारिया माँटेसरी यांनीं पहिलें बालगृह उघडलें. त्यांच्या साधनांत शून्यापासून नवापर्यंतच्या कप्प्यांची एक पेटी असते व तिजबरोबर बरोबर पंचेचाळीस चात्या असतात. वांटणींत कोठें चुकलें तर शेवटच्या कप्प्यास चात्या कमी पडतात किंवा हातांत उरतात. आणि शून्याचा कप्पा रिकामाच राहिल्यामुळें शून्य म्हणजे काय हें डोळ्यांस दिसतें.

आपल्या देशांत गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेंत बालमंदिर सुरू केलें. माँटेसरींच्या पद्धतींत कल्पित कथांस फारसा वाव नव्हता. गिजुभाईंनीं गोष्टीला मानाचें स्थान दिलें आणि गोष्ट सांगण्याच्या कलेवर स्वतंत्र ग्रंथहि लिहिला. १९२३ सालीं ताराबाई मोडक त्यांस येऊन मिळाल्या आणि १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. ताराबाईंनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें काम आरंभिलें. १९५७ सालीं तें कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें त्यांनीं व अनुताई वाघ यांनीं महागड्या साधनांऐवजीं खडे, शिंपले, बिया व पानें मुलांच्या हातीं दिलीं. साधनाची किंमत आणि त्यापासून होणारें ज्ञान यांचा परस्परांशीं संबंध नाहीं, हें त्यांनीं कृतीनें दाखविलें.

घरांतील बैठ्या खेळांचेंहि असेंच आहे. कवड्यांच्या पटावर जितक्या कवड्या उताण्या पडतील तितकीं घरें सोंगटीनें चालावयाचें असतें. पडलेल्या कवड्यांची संख्या एका दृष्टिक्षेपांत ओळखणें आणि तितकींच पावलें टाकणें, हें दोन्ही त्यांत येतें. अमेरिकेंतील गीता रमाणी व रॉबर्ट सीगलर यांनीं २००८ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गरीब घरांतील लहान मुलांस एक ते दहा आकडे एका सरळ ओळींत लिहिलेला पट खेळावयास दिला होता. दोन आठवड्यांत चार वेळां, दर वेळीं पंधरावीस मिनिटें, एवढ्याच खेळानें त्यांचें संख्याज्ञान स्पष्टपणें सुधारलें आणि ही सुधारणा नऊ आठवड्यांनंतरहि टिकून होती. तशाच पटावर आकड्यांऐवजीं रंग असतांना मात्र हा लाभ झाला नाहीं. खेळण्याची रीत येथें महत्त्वाची आहे. सोंगटी तिनावर असतां दोनांचें दान पडलें, तर ‘एक, दोन’ न म्हणतां ‘चार, पांच’ असें म्हणत पुढें जावयाचें. सापशिडीच्या पटावर आकड्यांची ओळ नागमोडी वळत जाते, म्हणून अगदीं लहान मुलांसाठीं फरशीवर खडूनें दहा घरांची सरळ ओळ आंखणें अधिक सोईचें.

मराठी मुलांपुढें एक विशेष अडचण असते. पंचवीस म्हणतांना पांच आधीं येतो, लिहितांना दोन. एकोणतीस लिहितांना वीस आणि नऊ दिसतात, बोलतांना मात्र तिसांतून एक उणा होतो. याच अडचणीमुळें २०१९ सालीं महाराष्ट्रांतील दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकांत जुन्या नांवांच्या जोडीस ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असें वाचन सुचविलें गेलें आणि त्यावरून मोठा गदारोळ उठला. वादाचा निर्णय कसाहि होवो, आजी ज्या शब्दांत बोलते ते शब्द मुलास समजावे लागतातच, आणि तेथें खेळ व गोष्ट हीं दोन्ही उपयोगीं पडतात. दहा-दहा काड्यांच्या तीन जुड्या बांधावयाच्या. शेवटच्या जुडींत एक काडी कमी. तीस पाहुण्यांचीं पानें मांडलीं, पण तिसावा पाहुणा यावयाचा राहिला, तेव्हां जेवणारे किती? एकोणतीस. जो शब्द पाठ करतांना केवळ ध्वनि होता, त्याचा अर्थ आतां उघड झाला.

आईबापांनीं यासाठीं वेगळी शाळा भरविण्याची गरज नाहीं. जेवणाचीं ताटें मांडणें, मटाराच्या शेंगा सोलून दाणे मोजणें, वाळलेल्या कपड्यांतून मोज्यांच्या जोड्या लावणें, हीं कामें मुलास देतां येतात. चूक झाली तर आंकडा सांगून मोकळें होण्यापेक्षां ‘तुला कसें कळलें?’ असें विचारावें आणि उत्तराची वाट पाहावी. रात्रीं गोष्ट सांगतांना मध्येंच थांबून ‘मग काय झालें असेल?’ असें विचारावें. कधीं मुलानें सांगावें आणि मोठ्यांनीं ऐकावें. चमचे, वाट्या, चिंचोके पात्रें म्हणून मांडावेत. म्हातारी भोपळ्यांत बसून निघाली तेव्हां वाटेंत तिला आधीं कोण भेटलें, नंतर कोण, एकंदर किती जण, हें मुलानेंच मांडून दाखवावें. पडद्यावरील चित्रांत आकडे नाचतात खरे, पण मूल चुकलें असतां त्याच्याकडे कुतूहलानें पाहणारें तेथें कोणी नसतें.

यांत पणास काय लागलें आहे, हेंहि ओळखलें पाहिजे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें तीन ते आठ हीं वर्षें पायाभूत मानून खेळास शिक्षणांत स्थान दिलें, आणि २०२१ सालीं सुरू झालेल्या निपुण भारत योजनेनें तिसरीपर्यंत प्रत्येक मुलास वाचन व संख्याज्ञान यावें असें उद्दिष्ट ठेविलें. परंतु ज्या घरांत चौथ्या वर्षींच पाटी घेऊन आकडे गिरविण्याची सक्ती होते आणि अर्थ न कळलेल्या आकड्यांवर रागें भरलें जातें, तेथें ‘हा गणितांत कच्चा’ हा शिक्का शाळेच्याहि आधीं बसतो. तो पुसावयास फार वर्षें लागतात आणि कित्येकांचा तो जन्मभर पुसला जात नाहीं. पाठ केलेले आकडे महिनाभर उशिरां आले तर कांहीं बिघडत नाहीं. मोजण्याची आवड आणि सांगण्याचें धैर्य हीं मात्र एकदां मोडलीं म्हणजे पुन्हा उभीं करणें कठीण. म्हणून मूल बाहुल्यांस वाढीत बसलेलें असतां त्यास अभ्यासासाठीं उठविण्यापूर्वीं क्षणभर थांबून पाहावें; बहुधा त्याचा अभ्यास तेथेंच चाललेला असतो.