हातचा विसरू नका

११ ला ११ ने गुणा, १२१ येतात. १११ ला १११ ने गुणा, १२३२१ येतात. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अशा संख्यांना अद्भुत डेम्लो संख्या म्हटले.

सुट्टीत मी मामाकडे जुहूला गेलो होतो. चौपाटीच्या ओल्या वाळूवर काडीने नऊ वेळा १ लिहिला नि त्याला त्यानेच गुणलं. आले १२३४५६७८९८७६५४३२१! डोंगर चढून उतरावा तसे.

दहा वेळा १ घेतला तर मध्ये १० येणार, अशी मी मामेभावाशी पैज लावली नि हरलो. आले १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या घरात दहा झाले. शून्य लिहून हातचा १ डावीकडच्या ९ मध्ये मिळवला, तिथेही दहा. पुन्हा हातचा, तो ८ मध्ये. म्हणून ८ चे ९ झाले.

मी नेहमी हातचा विसरायचो. आता नाही विसरणार.