पेटी वर येण्याआधी

2009 साली आलेल्या ‘ब्लू’ या हिंदी चित्रपटात अक्षय कुमार आणि संजय दत्त बहामाच्या निळ्याशार पाण्यात शार्कांच्या सोबतीनं खजिन्याचं जहाज शोधतात. या जातीच्या चित्रपटांत समुद्र म्हणजे निव्वळ आडवी आलेली भिंत. ती ओलांडली की पेटी हाती लागते. पाण्याखालच्या पुरातत्त्वाचं काम बारकाईनं पाहिलं, तर पेटी उचलण्याचा क्षण हाच सगळ्यांत धोक्याचा ठरतो. बुडालेल्या जहाजाचा इतिहास वस्तू कुठे, कशाशेजारी, कोणत्या थरात पडल्या आहेत यावरून वाचता येतो, आणि वस्तू हलली की तो मजकूर पुसला जातो.

गोव्याच्या सुंची रीफचं उदाहरण घ्या. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांना इथे 17 व्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले. खोली जेमतेम तीन ते सहा मीटर. पण उथळ म्हणजे सोपं नव्हे. लाटांचा हेलकावा पाणबुड्याला स्थिर राहू देत नाही, आणि पावसाळ्यात तर कामच बंद. अशा जागी आधी दोरीची आधाररेषा ताणायची, तिच्यापासून टेपनं अंतरं मोजायची, प्लास्टिकच्या पत्र्यावर पेन्सिलीनं आराखडा काढायचा, मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो घ्यायचे आणि मगच वाळू हटवायची. उष्ण समुद्रात लाकूड किडे पोखरून टाकतात; त्यामुळे तोफा आणि नांगर कुठे पडले यावरूनच जहाजाची बाजू ताडावी लागते. वस्तू वर आल्यावरही घाई चालत नाही. हस्तिदंत एकदम वाळला तर तडकतो, म्हणून त्यातलं मीठ निघेपर्यंत पाणी बदलत राहायचं. सुंचीत तोफांसोबत हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि चिनी भांडी होती. सुटा दात फार तर कोरीव कामाचा कच्चा माल. पण आफ्रिकेचे दात आणि चीनची भांडी एकाच ठिकाणी नोंदली गेली, तेव्हाच गोव्याच्या बंदराभोवती फिरणारा व्यापार दिसू लागतो.

यावर आक्षेप असा, की लोभाशिवाय समुद्रात उतरणार कोण? सरकारी संस्थांकडे पैसा तुटपुंजा, आणि जाळी, नांगर, वादळं जहाजं मोडतातच. यात तथ्य आहे. पण 1752 साली बुडालेल्या डच ‘गेल्डरमाल्सन’चं काय झालं पाहा. खजिनाशोधक मायकेल हॅचरनं 1985 साली त्यातली चिनी भांडी वर काढली, पुढच्या वर्षी अॅमस्टरडॅमला क्रिस्टीजनं त्यांचा लिलाव केला. बशा घरोघरी पोचल्या. जहाजाची शास्त्रीय नोंद मात्र नीट झालीच नाही. वादळानं जहाज फोडलं तरी तुकडे निदान तिथेच राहतात, लिलाव ते जगभर पांगवतो.

दुसरा आक्षेप पटकथाकाराचा: टेप धरलेला माणूस दोन तास कोण बघेल? इंग्लंडनं बघितला. 1545 साली बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या युद्धनौकेवर वर्षानुवर्षं नोंदी झाल्या, आणि 1982 साली तिचा सांगाडा वर आला तेव्हा दूरचित्रवाणीनं ते थेट दाखवलं. उचलताना तिला धरणारी लोखंडी चौकट घसरते की काय, या धास्तीत जेवढा थरार होता तेवढा शार्कांतही नसतो.

हा लोभ समुद्रापुरता नाही. समुद्रापासून दूर, त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हरसूलजवळ खैराईचा किल्ला आहे, आणि सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर गुप्तधनासाठी खड्डे खणणाऱ्यांची डोकी चित्रपटातल्या खलनायकासारखीच चालतात. 1878 च्या निखात निधी कायद्यानं दहा रुपयांवरचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं बंधन घातलं. त्या सूचनेत धन किती आणि कसलं एवढंच लिहून भागत नाही. ते कुठे आणि कोणत्या तारखेला सापडलं, हेही लिहावं लागतं.