पत्र्याखाली तक्तपोशी

मे महिन्यात पारा 44 अंशांवर गेला की उमरखेडमध्ये पत्र्याच्या घरात दुपारी बसवत नाही. पंखा गरम हवाच अंगावर टाकतो. आपण कामाला बाहेर पडतो. म्हातारी माणसे आणि तान्ही मुले मात्र त्याच खोलीत असतात. म्हणून आम्ही तक्तपोशीची, म्हणजे फळ्यांच्या छताची आठवण देतो. शब्द आपल्या ओळखीचाच. फारसीत तख्ता म्हणजे फळी, पोश म्हणजे झाकणारे.

फळ्या सागवानाच्या घ्या. जुने घर पाडताना निघालेल्या, पण वाळवी न लागलेल्या मिळाल्या तर उत्तमच. त्या पुरत्या वाळलेल्या असतात.

मात्र पत्र्याला चिकटवून फळ्या ठोकल्या तर पैसे वाया गेले म्हणून समजा. मध्ये निदान अर्धा फूट पोकळी हवी, आणि तिथली तापलेली हवा निघून जायला समोरासमोरच्या भिंतींत झरोके. झरोक्यांना जाळी लावा, नाहीतर वरच्या मजल्यावर उंदीर राहायला येतील! आधाराच्या पट्ट्या दोन-दोन फुटांवर घ्या. फळ्या स्क्रूने बसवा, म्हणजे दुरुस्तीला एखादी काढता येते. भिंतीलगत करंगळीएवढी फट सोडा. पावसाळ्यात लाकूड फुगते. वाळवीचे औषध फळ्या चढवण्याआधीच, मागच्या बाजूलाही लावून वाळू द्या.

पंख्याचा हूक फळीला कधीच नको, तो वरच्या लोखंडी पाइपाला किंवा तुळईलाच. वायरी प्लास्टिकच्या नळीतून न्या. वाळके लाकूड आणि वायरीचा उघडा जोड एका पोकळीत आले की आग लागायला वेळ लागत नाही. मिस्त्री ‘नंतर बघू’ म्हणाला, तर काम तिथेच थांबवा.