माऊच्या ताटलीत नुसतं मांस पुरत नाही

वसईत होळी भागापासून पाचूबंदरापर्यंत मांजरांना कच्ची मासळी, चिकनचे तुकडे मायेने घातले जातात. माया खरी, आहार मात्र अपुरा. मांजर काय, परदेशात पाळतात तो फेरेट काय, दोघं पक्के मांसाहारी. पण ते अख्खं सावज खाणारे, हाडं-आतड्यांसकट. नुसत्या बोनलेस मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नगण्य. त्यावरच वाढलेल्या पिल्लांची हाडं ठिसूळ होतात. टॉरिन हे अमिनो आम्ल कमी पडलं की मांजराचं हृदय दुबळं होतं, हे १९८७ साली कॅलिफोर्नियात पॉल पायन यांनी दाखवलं. कोंबडीच्या हृदयात ते चांगलं मिळतं. कलेजी थोडीच द्यावी, तिच्यातलं अ जीवनसत्त्व अंगात साठतं. रोज कच्ची तारली खाऊन बी-१ची कमतरता येते. शिजवलेली हाडं तर नकोच, ती टोकदार फुटतात. कच्चं द्यायचंच असेल, तर प्रमाण पशुवैद्यांकडून ठरवून घ्या.