चिठ्ठी येण्यापूर्वीचे दिवस

कामगारकपातीची कुणकुण लागली की घरातील पहिला बदल ताटावर दिसतो. कर्ता पुरुष जेवतो कमी आणि बोलतो त्याहूनही कमी. काय झाले म्हणून विचारावे, तर "काही नाही" एवढेच उत्तर. बाजारहाट आखडतो, कौलांचे काम पुढील वर्षावर ढकलले जाते, आणि कारण मात्र कोणी उच्चारीत नाही.

गोव्यातील डिचोली, सत्तरी, सांगे येथील कितीतरी घरांनी असे दिवस काढले आहेत. १० सप्टेंबर २०१२ रोजी सरकारने खाणी थांबविल्या, तेव्हा निरोप आणि आघात एकदमच आले. २०१८ साली तसे नव्हते. ७ फेब्रुवारीस सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, परंतु १५ मार्चपर्यंत काम चालविण्याची मुभा दिली. म्हणजे पाच आठवडे खनिज भरावयाचे, मांडवी-जुवारीतून बार्जी मुरगाव बंदराकडे न्यावयाच्या, आणि पुढे आपले काय हे कोणीच सांगत नाही! कायम नोकरास निदान कंपनीच्या पत्राची वाट पाहता येत होती. ट्रकमालकाच्या हाताखाली राबणाऱ्या चालकास पत्र कोण धाडणार? मालकाच्या डोक्यावर तरी बहुधा बँकेचे हप्ते होतेच.

वाचकहो, ही प्रतीक्षा प्रत्यक्ष बातमीहून जड असते, याला व्यवहारातील एक कारण आहे. ज्याला निश्चित कळले तो दुसरे काम शोधू लागतो. ज्याला कळलेले नाही तो जागचा हलू शकत नाही. कारण स्वतः राजीनामा दिला तर छटणीची भरपाई बुडते.

ही भरपाई काय असते हे पुष्कळांस ठाऊक नसते. औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली घातलेली आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही राखलेली तरतूद अशी : वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगारास छटणीपूर्वी एक महिन्याची सकारण लेखी सूचना, अथवा तेवढ्या मुदतीचा पगार, शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन. सर्वांच्या मागून आलेला सामान्यतः आधी जातो. 'ले-ऑफ' ही निराळी गोष्ट. तीत नाव पटावर राहते, आणि कारखाना अगदी लहान नसेल तर मूळ पगार व महागाईभत्ता यांचा निम्मा भाग मिळतो. चहाच्या दुकानात या दोहोंची सरमिसळ होते आणि घाबरलेला माणूस पुढे केलेल्या राजीनाम्यावर सही करून मोकळा होतो. ती सही मात्र करू नये.

नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, हे सारे आधीच हाताशी हवे. हे कागद बहुधा पेटीच्या तळाशी असतात, आणि पेटीत कोठे काय आहे हे घरधनिणीसच ठाऊक असते. तिला विचारल्याविना ते सापडत नाहीत. आणि कशाला हवेत असे तिने विचारले, की "काही नाही" हे उत्तर चालत नाही.